पहिलं पान कोरंच राहतंय? वही स्वतः बांधून बघा

निळी शाई

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आर्ट जर्नल, म्हणजे रंग, कात्रणं, रेघोट्या आणि चार ओळी लिखाण असं सगळं एकत्र नांदणारी वही, मी सहा वर्षं ठेवते आहे. त्याआधीची तीन वर्षं मात्र माझ्याकडे नुसत्या वह्या होत्या. कापडी बांधणीच्या, जाड कागदाच्या, एकीपेक्षा एक देखण्या. आणि सगळ्या कोऱ्या. वही उघडायची, पहिल्या पानावरून हात फिरवायचा आणि मिटून ठेवायची, असं किती वेळा झालं असेल. इतक्या चांगल्या कागदावर आपण काय काढणार, आणि बिघडलं तर?

ही भीती गेली ती माझं चित्र सुधारलं म्हणून नव्हे. एका सुट्टीत घरातली रद्दी भिजवून मी स्वतः कागद करून बघितला. जेमतेम बारा ताव निघाले. कडा वेड्यावाकड्या, एका तावात जुन्या पाकिटाचा निळा तुकडा तसाच अडकलेला, दुसऱ्यात 'रोजी' एवढा एकच छापील शब्द वाचता येणारा. ते ताव मधोमध दुमडले, शिवले आणि वही झाली. त्या निळ्या तुकड्याभोवती मी सहज पेनाने गोल गोल रेघा काढत गेले. तासाभराने बघितलं तर पानावर तळं उतरलं होतं.

मला तेव्हा जे जाणवलं त्यासाठी हा धागा. कोरं पान घाबरवतं, कारण ते परकं असतं. ज्या पानाचा लगदा आपण हाताने ढवळला, ज्याच्या पाठीत आपण सुई घातली, त्याच्यासमोर हात आखडत नाही.

आता माझं पान कसं घडतं ते सांगते. आधी पूर्ण पानावर पातळ रंगाचा एक हात, कोणताही रंग. मग हाताला लागेल ते कात्रण, फाडलेलं, कापलेलं नव्हे. फाडल्यावर कडेला पांढरी झालर येते ती मला फार आवडते. त्यावर पांढऱ्या गेसोचा (रंगाखाली अस्तर म्हणून लावतात तो जाडसर लेप) अर्धवट थर, म्हणजे खालचं थोडं झाकतं, थोडं डोकावतं. लिखाण सगळ्यात शेवटी. काही सुचत नसेल तर शाईचा एक डाग टाकायचा, पान दुमडून दाबायचं आणि उघडल्यावर जे दिसेल त्याला डोळे, पंख, पाय द्यायचे. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत जी डायरी ठेवली तिच्यात असे डागांतून उभे राहिलेले जीव आहेत. रंग आरपार झिरपून मागच्या पानावर उमटले तर तिथूनही ती पुढे जायची. डाग म्हणजे चूक, हा समज माझ्या मनातून तिथेच पुसला गेला.

तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. माझी एक अडचणही आहे. बाजारच्या कागदाची वही शिवली आणि कात्रण चिकटवलं की पान लाटांसारखं होतं, वही फुगून बसते. स्वतः केलेल्या कागदाचं इतकं होत नाही. हे कशामुळे?

---

पानगळ

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. 'रोजी' शब्दाचं पान बघायला आवडेल.

---

सुईदोरा

निळी शाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कागदातल्या धाग्यांच्या दिशेत आहे. मी बांधणी शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी हे शिकवलं गेलं होतं आणि पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्या कशापेक्षाही तेच कामी आलं.

यंत्रावर कागद होतो तेव्हा लगदा धावत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बहुतेक धागे धावेच्या दिशेने लांब पडतात. फ्रान्समध्ये १७९९ मध्ये लुई-निकोला रोबेर याने अशा यंत्राचं पेटंट घेतलं, त्याआधी सगळाच कागद हाताने उचललेला असायचा. पाणी लागलं की धागा जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ओला कागद धाग्यांच्या आडव्या दिशेने पसरतो. ती आडवी दिशा जर वहीच्या पाठीला समांतर आली, तर पानाला पसरायला जागाच नसते, कारण पाठीशी ते शिवलेलं असतं. मग ते लाटा धरतं.

हाताने कागद उचलताना आपण साचा उजवीकडे-डावीकडे आणि पुढे-मागे दोन्हीकडे हलवतो. धागे एकमेकांत सगळ्या बाजूंनी गुंततात. तुमचा स्वतःचा कागद कमी लाटतो तो यामुळे.

दिशा ओळखायची कशी? ताव न मोडता अलगद वाकवा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. जिकडे सहज वाकेल ती घडी धाग्यांना समांतर. शंका राहिली तर एक चौकोनी तुकडा कापा, मूळ तावातली दिशा त्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि एकाच बाजूला पाण्याचं बोट फिरवा. तुकडा लगेच गुंडाळी धरतो. ती गुंडाळी जशी आडवी पडलेली नळी, आणि नळीची लांबी ही धाग्यांची दिशा. आता फर्मा, म्हणजे एकात एक दुमडून शिवायच्या तावांचा गठ्ठा, दुमडताना ही दिशा पाठीला समांतर ठेवा. वरच्या पुठ्ठ्याचीही तीच ठेवायची, नाहीतर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो.

आणि जर्नलसाठी शिवण घालायची तर कॉप्टिक घाला. इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची ही पद्धत. फर्मे एकमेकांना साखळीच्या टाक्याने जोडलेले, पाठीवर गोंद नाही, कापड नाही. वही कुठेही उघडा, टेबलावर सपाट पडते, आणि दोन पानांवर मिळून रंगवायचं तर तेच हवं. चार भोकांची जपानी शिवण दिसायला फार मोहक असते, पण ती कडेपासून आत घातलेली असल्याने पान पूर्ण उघडत नाही. ती सुट्या चित्रांच्या संग्रहासाठी छान.

दोरा लिननचा घ्या आणि मेणावरून दोनदा ओढून घ्या. बिनमेणाचा दोरा भोकाच्या कडेला घासून पिंजतो.

---

निळी शाई

सुईदोरा, किती वर्षांचं कोडं सुटलं! आत्ताच तीन कागदांवर बोट फिरवून बघितलं. माझी सगळ्यात जास्त फुगलेली वही बरोब्बर उलट्या दिशेची निघाली.

---

रेघोटी

धागा छान आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी तयार स्टिकर, छापील कागद, वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) वापरून पानं सजवते. रंग येत नाहीत, कागद करायला जागा नाही, आणि लहान मूल घरात असल्याने दिवसाला वीस मिनिटं मिळतात. एका गटात मला सांगण्यात आलं की ही सजावट झाली, कला नव्हे. त्यानंतर दोन महिने वही उघडली नाही. 'स्वतः बांधा, स्वतः कागद करा' असं वाचलं की पुन्हा तीच भावना येते.

---

निळी शाई

रेघोटी, तुला दुखावायचं माझ्या मनातही नव्हतं गं. माझी भीती ज्या वाटेने गेली ती वाट मी सांगितली, पण ती एकच वाट आहे असं कुठे आहे? त्या गटात तुला जे ऐकवलं गेलं ते चुकीचंच होतं. वीस मिनिटं काढून बसतेस, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

सुईदोरा

रेघोटी, १९१२ मध्ये फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने लाकडाची नक्षी छापलेला तयार वॉलपेपर कापून आपल्या कोळशाच्या चित्रांत चिकटवला. त्याच वर्षी पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर लावलं. दोन्ही तयार माल, दुसऱ्याने छापलेला. आधुनिक कोलाजची सुरुवात तिथून धरतात. तेव्हा 'तयार वस्तू वापरली म्हणून कला नाही' हे म्हणणं शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालंय.

मला विचाराल तर एकच सुचवेन. पानावर एक तरी गोष्ट अशी असू द्या जी दुसऱ्या कुणाच्या वहीत असूच शकत नाही. तुमच्या अक्षरातली तारीख असेल, मुलाच्या बोटाचा ठसा असेल. दहा वर्षांनी पान उघडाल तेव्हा स्टिकर आठवणार नाही, तो ठसा आठवेल.

---

रेघोटी

बोटाचा ठसा! आज करते. आभार, दोघांचेही.

---

जुनी पत्रं

मी इथे नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ६८. शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही. पत्नीला जाऊन दीड वर्ष झालं. लग्नाआधी आणि नंतर बदलीच्या काळात तिने मला लिहिलेली एक्केचाळीस पत्रं माझ्याकडे आहेत. मुलीने आर्ट जर्नलबद्दल सांगितलं, म्हणाली, बाबा, पत्रं पेटीत ठेवण्यापेक्षा त्यांची वही करा. कल्पना मनात घर करून बसली आहे.

पण दोन शंका आहेत. या वयात शून्यापासून सुरुवात करून काही जमेल का? आणि दुसरी, पत्रं वहीत चिकटवण्यासाठी कोणता गोंद चांगला? काही पत्रांच्या घड्या फाटत आल्या आहेत, त्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावावी असा विचार आहे.

---

टीपकागद

काका, कृपा करून चिकटपट्टी लावू नका! प्रतिसाद पूर्ण वाचेपर्यंत पत्रांना हात लावू नका, एवढी विनंती.

जुन्या कागदांची डागडुजी हे माझं रोजचं काम आहे. सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते प्रेमाने लावलेल्या चिकटपट्टीचं. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, मग कागदात उतरतो, वरची पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग मागे राहतो. तो काढणं फार कठीण, पुष्कळदा अशक्य. पांढरा पीव्हीए गोंद वही बांधायला उत्तम, पण एकदा वाळला की सुटत नाही, म्हणून मूळ पत्रांना तोही नको.

माझ्या मते मूळ पत्रं वहीत चिकटवूच नयेत. त्यांच्या प्रती काढा आणि वहीत प्रती वापरा. प्रत लेझर प्रिंटरवर काढलेली हवी. इंकजेटची बरीचशी शाई ओल्या गोंदाने पसरते, लेझरची पावडर वितळून कागदाला धरलेली असते, ती हलत नाही. मूळ पत्रं घडी उलगडून, एकेक करून आम्लरहित कागदात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. घडी हीच फाटायची जागा असते, त्यामुळे उलगडून ठेवलं की निम्मं काम झालं. पारदर्शक पाकीट वापरायचं तर पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचं नको. पिना, टाचण्या, रबरबँड असतील तर आजच काढा.

एखादं मूळ पत्र वहीत हवंच असेल तर फोटो अल्बमला लावतात तसे कागदी कोपरे करा आणि पत्र त्यात अडकवा. पत्राला गोंदाचा स्पर्शही होत नाही आणि हवं तेव्हा काढून वाचता येतं.

फाटलेल्या घडीसाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि अगदी पातळ जपानी कागदाची पट्टी. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवायचं, गार करून गाळायचं. पट्टी कापायची नाही, पाण्याची रेघ मारून ओढून तोडायची, म्हणजे कडेला लांब धागे सुटतात आणि जोड बोटाला लागतसुद्धा नाही. ही खळ शेकडो वर्षं वापरात आहे आणि ओलावा दिला की पुन्हा सुटते. आमच्या कामाचा पहिला नियमच हा, की आज केलेलं उद्या कुणाला उलगडता आलं पाहिजे. मात्र आधी कोपऱ्यात शाईवर ओला कापूस टेकवून बघा. शाई उठली तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

---

निळी शाई

काका, स्वागत आहे. टीपकागद यांनी गोंदाचं सांगितलं, मी वयाचं सांगते.

मेरी डिलेनी नावाची एक इंग्रज बाई होती, जन्म १७०० चा. १७६८ मध्ये तिचा नवरा गेला. १७७२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तिला लाल कागदाचा एक तुकडा आणि एका फुलाची गळलेली पाकळी यांचा रंग अगदी सारखा दिसला. तिने कात्री घेतली आणि त्या कागदातून पाकळ्या कापल्या. पुढची दहा वर्षं ती फुलं करत राहिली. काळ्या रंगवलेल्या कागदावर, एकेका फुलासाठी कागदाचे कितीतरी बारीक तुकडे, पुंकेसर केसाइतके बारीक. नजर अधू होईपर्यंत जवळजवळ एक हजार फुलं झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिची फुलं बघितली आणि मी स्तब्ध झाले होते. पानावरची एक कीडलेली कड तिने कीडलेलीच कापली आहे.

तुम्ही तर तिच्यापेक्षा चार वर्षं आधी सुरू करताय.

---

जुनी पत्रं

टीपकागद, वेळेवर अडवलंत. चिकटपट्टी टेबलावरच होती. रबरबँड काढले, दोन तर पत्राला चिकटले होते, त्यांचे तुकडे अलगद निघाले.

निळी शाई, डिलेनीबाईंबद्दल मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. पत्रांची वही मी स्वतः केलेल्या कागदाचीच करीन म्हणतो. कागद करण्याची कृती कुणी नीट, पायरीपायरीने सांगेल का?

---

ओला हात

काका, हा माझा प्रांत. जरा लांबेल, पण यात बारकावे आहेत आणि तेच कुठे लिहिलेले सापडत नाहीत.

साचा म्हणजे एकाच मापाच्या दोन लाकडी चौकटी. एकीला बारीक जाळी ताणून ठोकलेली, दुसरी रिकामी. जाळी सैल राहिली तर ताव मध्ये जाड आणि कडेला विरळ होतो, म्हणून ती डफासारखी ताणलेली हवी.

कागद निवडा लिहायचा किंवा छपाईचा पांढरा. वर्तमानपत्र नको. त्यात लाकडातला लिग्निन नावाचा घटक तसाच असतो, त्यामुळे कागद उजेडात पिवळा पडून ठिसूळ होतो. तुमच्या वहीला टिकायचंय. चमकदार मासिकंही नकोत. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी मूठभर तुकडे आणि भरपूर पाणी मिक्सरला लावा, थांबत थांबत, वीस-तीस सेकंद. इथे बहुतेक जण चुकतात. जास्त फिरवला की लगदा लोण्यासारखा होतो, पण धागे तुटून आखूड होतात आणि कागद फाटका निघतो. रद्दीतले धागे आधीच आखूड झालेले असतात. म्हणून मी पाचवा हिस्सा कापसाचा लगदा मिसळतो. लांब धाग्यांमुळे कोझो झाडाच्या सालीचा जपानी कागद इतका पातळ असूनही ओढून तुटत नाही. चीनमध्ये त्साय लुन याने इ.स. १०५ मध्ये सम्राटाला कागद दाखवला तेव्हा त्यात झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी होती, असं नोंदलेलं आहे. सगळं लांब धाग्याचं.

टबात पाणी घ्या, लगदा घाला, ढवळा. बोटांना ताकापेक्षा पातळ लागला पाहिजे. जाळीची बाजू वर, त्यावर रिकामी चौकट, दोन्ही घट्ट धरून तिरकी आत घाला, पाण्याखाली आडवी करा आणि सरळ वर उचला. घाई नको, पण मध्ये थांबायचंही नाही. पाणी निथळत असताना हलके चार झटके, दोन आडवे, दोन उभे. पाण्याची चमक पृष्ठावरून गेली की हात एकदम स्थिर. त्यानंतर हलवलंत तर ताव तडकतो. वरची चौकट उचलताना तिच्या कोपऱ्यावरचा थेंब तावावर पडू देऊ नका. जिथे थेंब पडतो तिथे कागद विरळ होतो, उजेडासमोर धरला की गोल डाग दिसतो.

मग ओलं सुती कापड पसरा, त्यावर साचा एका कडेने टेकवा आणि पाळण्यासारखा झुलवत दुसऱ्या कडेपर्यंत न्या, उचला. ताव कापडावर राहतो. पहिल्यांदा राहिला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. मघाशी पाणी होतं, आता त्याला चार कडा होत्या.

कापडं एकावर एक रचा, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वजन. पाणी निघून गेलं की ताव काचेवर नाहीतर गुळगुळीत फळीवर ब्रशने चिकटवून वाळवा. काचेकडची बाजू गुळगुळीत येते, ती लिहायला ठेवा.

उरलेला लगदा मोरीत ओतू नका, नळ तुंबतो. गाळून गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी भिजवता येतात.

---

टीपकागद

फार सुरेख लिहिलंय. एक भर घालते. हा कागद असाच वापरला तर शाई टीपकागदासारखी फुटते. त्याला लेप हवा. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागद करणाऱ्यांनी १३व्या शतकात तावाला जिलेटिनचा हात द्यायला सुरुवात केली. पाणचिन्हही त्यांचंच. घरी १०० मिली कोमट पाण्यात साधारण २ ग्रॅम जिलेटिन विरघळवून पूर्ण वाळलेल्या तावावर रुंद ब्रशने दोन्ही बाजूंनी लावा, वाळवा आणि वजनाखाली ठेवा. पेनाने लिहिता येईल.

---

पानगळ

आपण केलेला कागद किती जाड आहे हे कसं कळणार? रंगासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या वगैरे सांगतात, पण घरच्या तावाचा आकडा कुठून आणायचा?

---

सुईदोरा

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. ए० ताव बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए४ त्याचा सोळावा भाग. ए४ मापाचे दहा ताव कापा, एकत्र तोला, दहाने भागा, सोळाने गुणा. छपाईचा ८० जीएसएमचा कागद असा तोललात तर एक पान ५ ग्रॅम भरेल. माझे घरचे ताव १४०-१५० च्या आसपास येतात, जलरंगाच्या पातळ हाताला पुरतात.

---

रेघोटी

माझा एक अनुभव सांगते, कुणाच्या तरी कामाला येईल. मुलाच्या पहिल्या रेल्वेप्रवासाचं तिकीट हौसेने वहीत चिकटवलं होतं. वर्षभराने पान उघडलं तर तिकीट पांढरंफटक. तारीख नाही, स्टेशन नाही. खूप रडू आलं.

---

टीपकागद

रेघोटी, ते थर्मल कागदाचं असणार. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. उजेड, ऊब, काही प्लास्टिक आणि गोंद यांनी ती अक्षरं उडून जातात. असं तिकीट किंवा पावती मिळाली की त्याच दिवशी प्रत काढायची आणि प्रतच चिकटवायची. मूळ हवंच असेल तर कागदी पाकिटात सुटं ठेवा, आणि पाकिटावर तारीख पेन्सिलने लिहा.

---

निळी शाई

याच ओघात, ॲक्रिलिक रंगाची समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटतात तो त्रास कुणाला असेल तर: रंग पूर्ण वाळला तरी दाबाखाली आणि उकाड्यात तो थोडा मऊ होतो. मध्ये बेकिंगचा कागद ठेवा, किंवा पानावर मेणबत्ती हलकी घासून कापडाने पुसा. माझं एक अख्खं डबल पान असं गेलं, वेगळं करताना अर्धा चेहरा इकडे आणि अर्धा तिकडे. ते तसंच ठेवलंय. दोन अर्ध्या चेहऱ्यांमध्ये नंतर लिहिलं.

---

जुनी पत्रं

पाच आठवड्यांनी लिहितो आहे.

कागद झाला. पहिल्या दिवशी एकही ताव धड उठला नाही, सगळे जाळीलाच चिकटून राहिले. ओला हात यांना निरोप पाठवला, ते म्हणाले कापड पुरेसं ओलं नसेल. तसंच होतं. दुसऱ्या दिवशी नऊ ताव निघाले. रद्दी म्हणून तिच्या शिकवणीच्या वह्यांची कोरी राहिलेली पानं घेतली होती. आखलेल्या निळ्या रेघा लगद्यात विरल्या, पण सगळ्या तावांना जरा निळसर झाक आली आहे.

जिलेटिनचा हात दिला. नऊ तावांचा एकच फर्मा केला, तीन भोकं, एक दोरा. टोच्याने भोकं पाडताना हात थरथरतो म्हणून मुलीने पुठ्ठ्याची पट्टी खाली धरली. वही बांधून झाली.

प्रत्येक पत्राच्या शेवटी ती 'बाकी समक्ष' लिहायची. एक्केचाळीस पत्रांत एक्केचाळीस वेळा. प्रतींतून ते सगळे शब्द मी कापून घेतले. लग्नाआधीचं अक्षर बारीक आणि ताठ आहे, नंतर नंतर ते मोकळं होत जातं, शेवटच्या काही पत्रांत 'समक्ष' मधला 'क्ष' एका झटक्यात काढलेला आहे. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. ते तुकडे खळीने ओळीने लावले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, खाली मोकळी जागा ठेवून. तिथे मी लिहायचं ठरवलं आहे.

पहिल्या पानावर पेन्सिलने दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. आता तिथे कागदाचे धागे वर आले आहेत, बोटाला खरखरीत लागतं. तिथेच शाईने लिहिलं तर फुटेल का?

---

टीपकागद

काका, खोडल्याने तिथला जिलेटिनचा लेप निघाला आहे, त्यामुळे शाई नक्की फुटेल. त्यावर पातळ गुळगुळीत कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घोटा, धागे बसेपर्यंत. मग फक्त तेवढ्याच जागी जिलेटिनचा हलका हात द्या, एक दिवस वाळू द्या, पुन्हा घोटा. आणि आधी उरलेल्या तुकड्यावर त्याच पेनाने एक शब्द लिहून बघा.

'क्ष' बद्दल वाचून गलबललं.

---

ओला हात

निळसर झाक आलेल्या तावाचा एक फोटो टाका काका. उजेडासमोर धरून.

---

जुनी पत्रं

फोटो मुलगी आली की टाकतो.

टीपकागद, सांगितलंत तसं केलं. स्टीलच्या चमच्याने घोटलं, परवा लेप दिला, काल पुन्हा घोटलं. आज सकाळी तुकड्यावर लिहून बघितलं आणि मग पानावर. एवढंच लिहिलं: 'पत्र पोचलं.'

शाई फुटली नाही.